एका बाजूची शिवण

"—आणि बाबांनी म्हणे आज सकाळी स्वतःच्या हाताने कफनीची शिवण उसवायला…"

"काय? कुणाची शिवण?" मी विचारलं.

खैरूनभाभीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला. पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं. तिचे ओठ हलताना दिसत होते. एक हात छातीवर गेला, मग आभाळाकडे गेला. बस्स.

मी दळण तसंच सोडलं आणि निघाले.

आमच्या गल्लीत राहणाऱ्याला एवढं अर्धं वाक्यही पुरतं.

आमच्या भिंतीला लागून तकिया आहे. तकिया म्हणजे फकिराची बसायची जागा. एक खोली, पुढे ओटा, लिंबाचं झाड आणि मागे कब्रस्तान. तिथं दस्तगीरबाबा राहतात. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून बघते, त्यांच्या अंगात एकच कपडा. घोट्यापर्यंत लांब, गळ्याला नुसती चीर, ना गुंडी ना खिसा. पांढरा म्हणायचा, पण रंग आता दुधाच्या चहासारखा. ठिगळावर ठिगळ. बाबा तिला कफनी म्हणतात. आम्ही बायका झगा म्हणतो. माझ्या सासूबाई अंगरखा म्हणायच्या आणि कुणी हसलं की रागवायच्या.

ती कफनी बगदादहून आली, असं गावात सगळे सांगतात. पहिल्या पीरांनी ती अंगात घालून वाळवंट तुडवलं, मग दर्या ओलांडला, मग आमच्या लिंबाखाली येऊन बसले. सासूबाईंनी मला सांगितलं, मी सुनेला सांगितलं.

हिची एक रीत आहे. फकीर आपलं मरणाचं कापड जिवंतपणीच अंगात घालून फिरतो. दोन बाजूंना दोन शिवणी आहेत, म्हणून तो कपडा. त्या उसवल्या की सरळ लांब कापड, मयताला घालतात तसं. ज्या फकिराला चेला असतो, तो आपली कफनी सगळ्यांसमोर चेल्याच्या अंगात घालतो आणि स्वतः बाजारातल्या साध्या कापडात मातीत जातो. बाबांच्या अंगात ती अशीच आली, त्यांच्या गुरूंकडून, नबीशाहांकडून.

आणि ज्याला चेला नसतो…

तो शेवट जवळ आला की दोन्ही शिवणी स्वतः उसवतो. कफनी त्याच्याबरोबरच जाते. शेजारच्या तालुक्यात एका तकियात असंच झालं. सकाळी फकिराने शिवण उसवली आणि दिवा लागायच्या आत तो गेला. त्या जागेला आता कुलूप आहे. आत शेळ्या बांधतात.

म्हणून मी दळण टाकून धावत निघाले होते.

गल्लीच्या तोंडाशी मुस्तकीम दिसला. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले, रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाचं तोंड.

"मावशी, खरं आहे का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काल संध्याकाळी फोन आला. बाबांना बरं नाही, लगेच निघ, एवढंच. आणि आता स्टँडवर पानवाला म्हणाला…" त्याने पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

हा मुस्तकीम बाबांनी वाढवलेला. आई लहानपणीच गेली, बाप कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. तकियात झोपायचा, माझ्या चुलीपाशी जेवायचा. पुढे हुशार निघाला. हैदराबादला शिकतो. कशाचं शिकतोस म्हणून विचारलं तर म्हणाला होता, पोशाखाचं. मला वाटलं शिवणकाम. मी म्हटलं, बरं झालं, माझे ब्लाऊज तरी धड होतील. तेव्हा किती हसला होता. "नाही मावशी, पोशाखाचा इतिहास. कुठला कपडा कुठून आला, कुठल्या मुलखात त्याला काय म्हणतात…"

पुढे कफनी त्याच्याच अंगात जाणार, हे गल्ली धरूनच चालली होती. तोही.

फक्त बाबा कधी बोलले नव्हते.

"दोन्ही बाजू उसवल्या का?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? मी आत्ता ऐकतेय."

"दोन्ही उसवल्या असतील तर संपलं, मावशी." तो भराभर चालायला लागला. "म्हणजे त्यांनी ठरवलं. म्हणजे मी कुणीच नाही."

"अरे, आधी माणूस कसा आहे ते तरी विचार."

तो थांबला. मग म्हणाला, "तेच तर विचारतोय."

नव्हता विचारत. पण पोरगं घाबरलं होतं.

तकियाच्या ओट्यावर माणसं बसली होती. माघातला वारा सुटला होता, लिंबाची पानं उडून त्यांच्या डोक्यांवर पडत होती, झटकायचंही कुणाला सुचत नव्हतं. कासीमभाई कापडवाले उकिडवे बसून जमिनीवर बोटाने रेघा ओढत होते. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "वैनी, बाबांची उंची किती असेल हो अंदाजे?"

"तुमच्या तोंडात माती!" मी म्हणाले. त्यांनी रेघा तळहाताने पुसल्या.

आत जायची कुणाची छाती होत नव्हती. मी पदर खोचला आणि गेले. मागून मुस्तकीम.

खोलीत अंधुक उजेड. बाबा चटईवर बसले होते. अंगात नुसती बंडी आणि खाली लुंगी. शुक्रवारी कफनी धुतली की ते असे बसतात, पण आज मंगळवार.

कफनी त्यांच्या मांडीवर होती. उजवी बाजू काखेपासून खालपर्यंत सताड उघडी.

डाव्या बाजूला मात्र शिवण होती.

चटईवर एका बाजूला सुई, दोऱ्याचं रीळ. दुसऱ्या बाजूला दाढीचं अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. का उलगडलेलं… तेवढं मला दिसलं नाही.

"ये बाई," बाबा म्हणाले. "चहा आणलास, का नुसतं तोंड आणलंस?"

"बाबा, हे काय?"

"म्हणजे नुसतं तोंड."

मुस्तकीम दारातच उभा होता. "बाबा…"

बाबांनी मान वर केली. डोळ्यांत सारा पडलाय, समोरचा माणूस त्यांना धुक्यात दिसतो. "हा कोण? आवाज तर शिकलेला वाटतो."

"मी मुस्तकीम."

"मुस्तकीमसाहेब! या. चप्पल बाहेर काढली का?"

काढली नव्हती. तो मागे वळला, काढून आला.

"पाणी पी. लांबून आलास."

"पाणी नको. आधी सांगा, तुम्ही हे…"

"मी काय सांगू? शिकून तू आलास. तू सांग, मी ऐकतो."

मुस्तकीम खाली बसला. त्याची नजर त्या उघड्या बाजूवरून हलत नव्हती. पण विचारायचं ते त्याला विचारवेना, म्हणून तो भलतंच बोलायला लागला.

"बाबा, मी हिच्यावरच शिकतोय."

"हिच्यावर? ही तर माझ्या अंगावर होती."

"हिच्या इतिहासावर. हिची नावं, हिचं मूळ. बरंच सापडलंय. अरबीत अशा फकिरी कपड्याला खिरका म्हणतात. ठिगळांचा असेल तर मुरक्का. बाह्या नसतील तर आपल्याकडेच काही फकीर अल्फी म्हणतात. आणि लोक जुब्बा म्हणतात ते चूक, जुब्बा समोरून उघडा असतो. अबा तर त्याहून वेगळा…"

"थांब थांब." बाबांनी कफनी थोडी त्याच्याकडे सरकवली. "एकेक नाव घेऊन हाक मार. कुठल्या नावाला ओ देते बघू."

ओट्यावर कुणीतरी हसलं.

मुस्तकीमचे कान लाल झाले. "चेष्टा करू नका, बाबा. मी सगळी हिच्यासाठीच मेहनत घेतली. उरुसात उभं राहून लोकांना नीट सांगता यावं म्हणून. आज इतकी वर्षं सगळे बगदाद बगदाद करतात…"

"हं."

"ती बगदादची नाही."

ओट्यावरच्यांच्या माना दाराकडे वळल्या. सासूबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

बाबा मात्र शांत. "नाही?"

"नाही. गेल्या उरुसाला मी हिचा एक सुटलेला धागा घेऊन गेलो होतो. जाणत्या माणसांना दाखवला. हे इकडचंच कापड आहे. हातमागाचं, जाडंभरडं. गोदाकाठी विणायचे तसलं."

"बरं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मला नबीशाह म्हणाले बगदादची. त्यांना त्यांचे गुरू म्हणाले. मी बगदाद बघितलं नाही, गोदा बघितली. थंडी दोन्हीकडे वाजत असेल." बाबांना खोकला आला. बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "इकडचं कापड. मग विणलं कुणी?"

"ते… कळत नाही."

"शिवलं कुणी?"

"तेही कुठे लिहिलेलं नाही."

"उसवलं कुणी, ते तरी?"

मुस्तकीमने उघड्या कडेला बोट लावलं.



"तेच विचारायला आलोय," तो शेवटी म्हणाला. "कुणी उसवली?"

"लोक काय म्हणतात?"

"तुम्ही."

"मग लोकांना ठाऊक दिसतंय."

"बाबा!"

"ओरडू नकोस. सकाळी अंगात घालायला गेलो. रांजणाच्या तिवईत अडकली. टर्रकन आवाज आला." बाबांनी उघड्या कडेवरून हात फिरवला. "मग मी सुई घेऊन बसलो."

माझ्या जिवात जीव आला. "मग असं सांगायचं नाही का! गल्ली सगळी सुतकात बसलीय बाहेर. द्या इकडे, मी टाकते चार टाके."

"तुझे टाके पक्के असतात बाई. राहू दे."

ते असं का म्हणाले, मला कळलं नाही. आणि ते ब्लेड कशाला होतं, तेही.

मुस्तकीमने ते ब्लेड पाहिलं होतं. तो एकदा ब्लेडकडे बघे, एकदा बाबांकडे. मग एकदम गुडघ्यांवर पुढे सरकला.

"बाबा, एक बाजू शाबूत आहे अजून. उजवी शिवून घेतली की कफनी पुरी होते. लोक बाहेर बसलेच आहेत. आजच द्या मला. सगळ्यांसमोर." त्याने दोन्ही हात पुढे केले. "तुमच्या मनात आहे का नाही, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मला हे सहन होत नाही."



बाबांनी ते पसरलेले हात चाचपले. उजवा तळवा सापडला. त्यावर त्यांनी सुई ठेवली.

"सुई?"

"डोळ्याला भोक दिसत नाही. सकाळपासून बसलोय. सुई इकडे, ब्लेड तिकडे. हात कधी याच्यावर पडतो, कधी त्याच्यावर." ते जरा थांबले. "मी शिवत होतो का उसवत होतो, माझं मलाच आता सांगता येईना. तू बघ. तुला दिसतं."

मुस्तकीमने कफनी उचलली. स्वतःच्या मांडीवर घेतली.

दोरा ओवायलाच त्याला किती वेळ लागला. जिभेने ओला करतोय, पिळतोय, पुन्हा सटकतोय. माझे हात शिवशिवत होते. एकदाचा गेला. मग त्याने खालच्या टोकापासून टाके घालायला सुरुवात केली. घाईघाईने. मोठे मोठे, वाकडेतिकडे, जनावराला दावं लावावं तसे. एकदा सुई बोटात गेली, रक्ताचा ठिपका कापडावर उमटला. तो थांबला नाही. दर टाक्यागणिक कफनी जशी त्याच्याकडेच ओढली जात होती.

मला तिथं बसवेना, उठवेना. कफनी पुरी झाली की हा काय करणार? सरळ अंगात घालणार? आणि मग बाबा? चेल्याच्या अंगात कफनी गेली की गुरू फार दिवस राहत नाही, असं म्हणतात. का तेही नुसतं म्हणतातच…

बाबांना पुन्हा खोकला आला.

या वेळी थांबेचना. दाराच्या फटीतून वारा येत होता. ते छातीशी हात धरून वाकले. बंडीबाहेरचे हात नुसते काटक्या झालेले, आणि त्यांच्यावर काटा आलेला. पांढरे केस उभे.

मुस्तकीमची सुई थांबली.

त्याने बाबांच्या हातांकडे बघितलं. मला वाटतं, आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

त्याने मांडीवरची कफनी उचलली, गळ्याची चीर दोन्ही हातांनी रुंद केली आणि बाबांच्या डोक्यावरून घातली. मुलाला झबलं घालावं तशी, एकेक हात बाहेर काढून. मग उजव्या बाजूला बसला आणि राहिलेली शिवण तिथंच, त्यांच्या अंगावरच, घालायला लागला.

"अरे अरे!" माझ्या तोंडून गेलं. "अंगावर शिवू नये, मुस्तकीम! अंगावर फक्त मयताचं शिवतात, माहीत आहे ना? नको रे असलं काही आज."

तो घाबरून थांबला.

"मग काय करू?"

"दोरा धरू दे त्यांना तोंडात. माझी आई असंच करायची. तोंडात दोरा असला की दोष नाही." मी रिळातून वीतभर दोरा तोडला. "बाबा, धरा. आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही हं."

बाबांनी एकदा माझ्याकडे, म्हणजे माझ्या दिशेला, बघितलं. मिशीत हसले. दोरा दातांत धरला आणि गप्प बसले.

आता फक्त सुईचा आवाज. जाड कापडातून ती निघाली की बारीकसा कुर्र आवाज होतो, तो.

मुस्तकीम सावकाश शिवत होता. सुई अंगाला लागू नये म्हणून डावा हात कापडाखाली धरून. टाके लहान होत चालले होते.

"बाबा," तो हळू म्हणाला. "ईदला आलो नाही म्हणून का?"

बाबांच्या तोंडात दोरा.

ईदला बाबांनी शीरखुर्म्याची वाटी झाकून ठेवली होती. रात्री मलाच दिली, मांजराला घाल म्हणून. मी ते बोलले नाही.

"परीक्षा होती…" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "परीक्षा दुसऱ्या आठवड्यात होती. यायला जमलं असतं."

टाका. आणखी एक टाका.

"तो धागाही मी तुम्हाला न विचारता नेला. सुटलेला नव्हता. ओढून काढला." त्याने नाक ओढलं. "याच बाजूचा होता, बाबा. इथलाच."

बाबा छताकडे बघत होते. तिथं काही नव्हतं.

"त्यामुळे सैल पडली का ही?"

त्याने दोरा ओढून टाका घट्ट केला.

"बाबा, मी तुमचा चेला आहे का नाही?"

दोऱ्याचं टोक बाबांच्या ओठांबाहेर लोंबत होतं. श्वासाने हलत होतं. मी त्या टोकाकडेच बघत राहिले. एवढी रागावले मी स्वतःच्या आईवर… हे बोलू नये वगैरे कुणी काढलं असेल! बाबा एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं. पण आता दोरा काढा म्हणायचीही मला भीती वाटायला लागली.

शिवण काखेजवळ आली. तिथं मुस्तकीमचा हात थबकला.

मी वाकून बघितलं. बघायची सवयच आहे मला.

खालपासून वरपर्यंत जुन्या शिवणीचे दोरे कडेला चिकटून होते. खालचे सगळे कुजून तुटलेले, टोकांना केस फुटल्यासारखे. तिवईत अडकून फाटल्यावर असेच दिसणार. पण वरचे, काखेजवळचे, तसे नव्हते. चार बोटं जागेत प्रत्येक दोरा साफ होता. सरळ. ब्लेडने कापल्यासारखा.

मुस्तकीमने ते बघितलं. मीही बघितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते.

कापायला कधी घेतलं होतं? फाटायच्या आधी, का नंतर? आणि चार बोटांवर का थांबले? विचारणार कोण. मुस्तकीमने ते कापलेले दोरे अंगठ्याने आत दाबले आणि त्यावरून टाका घातला. मग त्याच टाक्यावर दुसरा. वरच्या त्या चार बोटांत त्याने इतके टाके घातले की कापड तिथं ताठ झालं.

शेवटी गाठ मारली.

दोरा तोडायला ब्लेड हाताशीच होतं. त्याने ते घेतलं नाही. वाकला आणि दातांनी दोरा तोडला. त्याचं कपाळ बाबांच्या बरगडीला टेकलं. तोडून झाल्यावरही त्याने ते लगेच उचललं नाही.

दारातून खैरूनभाभीचं डोकं आत आलं. गिरणीवरून तशीच आली होती, भुवयांना पीठ लागलेलं. डोळे रडून सुजलेले.

"वैनी…" ती कुजबुजली. "उसवली ना? मी खोटं नव्हते सांगत?"

"एक बाजू," मी म्हणाले.

"आणि?"

"शिवली."

"मग बाबा जाणार का नाही?"

मी बाबांकडे बघितलं, बाहेर ओट्यावरून सगळे आत बघत होते. कासीमभाई उठून उभे राहिले होते.

मुस्तकीम सरळ बसला. त्याने हात पुढे केले नाहीत. सुई रिळात खोचून ठेवली आणि ब्लेड कागदात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकलं.

बाबांनी तोंडातला दोरा काढला. बोटाला गुंडाळला. उजवा हात उचलून नव्या शिवणीवरून वरून खालपर्यंत बोटं फिरवली, वाकड्या टाक्यांपाशी जरा रेंगाळले. मग रिळातली सुई चाचपून पुन्हा मुस्तकीमच्या हातात दिली, डावा हात उचलला आणि ती बाजू त्याच्याकडे केली.

"हाही दोरा तेवढाच जुना आहे, बेटा."